फलश्रुती नव्हे, अवतरणिका

सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवा उद्योग चांगलाच मूळ धरू लागला आहे, आणि त्याचा आम्हांस आनंदच वाटतो. सेवानिवृत्त झालेले काका आत्मवृत्त लिहितात, आत्याबाई सणावारांच्या पदार्थांची वही छापून काढतात, कोणी कुलवृत्तांत सिद्ध करतो, तर कोणी आजीच्या तोंडच्या ओव्या टिपून त्यांचे पुस्तक करतो. पूर्वी ह्या कामी छापखान्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, एकदम पाचशे-हजार प्रती काढाव्या लागत, आणि त्यांतल्या बहुतेक पुढे पलंगाखालच्या ट्रंकेत कसरीच्या स्वाधीन होत. आता मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. बंगळूरची पोथी डॉट कॉम व चेन्नईची नोशन प्रेस ही नावे पुष्कळांच्या परिचयाची असतील. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर तर लेखकास आपले मराठी पुस्तक स्वतःच प्रसिद्ध करता येते, आणि पुण्याच्या बुकगंगावरून मराठी पुस्तके परदेशांतही जातात. छापण्याची अडचण अशा रीतीने पुष्कळ अंशी दूर झाली. विकण्याची मात्र होती तेथेच आहे.

ह्याचे एक कारण असे की, दुकानात ग्राहक पुस्तक हातात घेतो, मधलेच एखादे पान उघडतो, चार ओळी वाचतो, आणि मग खिशात हात घालतो. ऑनलाइन खरेदीत हे काही घडत नाही. तेथे मुखपृष्ठाचे बोटभर चित्र असते आणि त्याच्याखाली वर्णनाचे दोन परिच्छेद. दुकानदाराची शिफारस, मलपृष्ठावरील मजकूर आणि मधले उघडलेले पान ह्या तिघांचे काम त्या दोन परिच्छेदांना करावे लागते. परंतु ज्या गृहस्थाने पुस्तकाला दहा वर्षे दिली, तोच ह्या दोन परिच्छेदांना दहा मिनिटे देतो. आणि तीही रात्री, अर्ज भरता भरता, रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून!

हा विषय घेण्यास निमित्त झाले ते वाशीमच्या एका वाचकभगिनीच्या पत्राचे. त्यांचे मामंजी सेवानिवृत्त शिक्षक असून वयाने ऐंशीच्या पुढे आहेत. दृष्टी मंदावत चालली आहे. त्यांनी आपल्या गावच्या तीर्थांविषयी एक पुस्तक लिहिले, ते नातवाच्या खटपटीने छापले गेले व ऑनलाइन विक्रीसही ठेवले. विक्री झाली ती घरच्यांत. पुण्याच्या दिरांनी, ठाण्याच्या नणंदेने आणि अमेरिकेतील पुतण्याने एकेक प्रत मागविली, आणि तेथेच प्रवाह आटला. "मामंजींना पैशांची अपेक्षा नाही," त्या लिहितात, "परंतु आपल्याला न ओळखणाऱ्या एका तरी माणसाने हे पुस्तक वाचले, असे त्यांना डोळे शाबूत आहेत तोवर कळावे, एवढीच माझी इच्छा आहे." पत्रासोबत त्यांनी विक्रीच्या पानावरील वर्णन उतरवून पाठविले. त्यांच्या अनुमतीने ते येथे देतो:

"अखिल महाराष्ट्रातील इतिहासप्रेमी व भाविक रसिकांना अपूर्व मेजवानी ठरणारा, अनेक वर्षांच्या अथक परिश्रमांतून व निःस्वार्थ तपश्चर्येतून साकार झालेला, ओघवत्या भाषाशैलीने नटलेला, लहानथोरांनी आवर्जून वाचावा व प्रत्येकाने संग्रही ठेवावा असा अमूल्य ग्रंथराज!"

ह्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. मात्र ह्यातील 'इतिहासप्रेमी व भाविक' एवढे शब्द काढून 'खवय्या' हा शब्द घातला, तर हेच वर्णन आत्याबाईंच्या दिवाळीच्या फराळाच्या पुस्तकास चालेल. 'संगीतप्रेमी' घातले की नाट्यपदांच्या संग्रहासही चालेल. सगळ्या पुस्तकांना जे लागू पडते, ते कोणत्याच पुस्तकाचे वर्णन नव्हे. आपल्या वर्णनाची परीक्षा करण्यास आम्हांस ही एकच कसोटी पुरेशी वाटते.

असे का होते, ह्याचा विचार करता वाटते की, आपल्या जुन्या ग्रंथांतील दोन गोष्टींपैकी नको ती आपण उचलली. जुन्या माहात्म्यांच्या व स्तोत्रांच्या शेवटी फलश्रुती असते. हे वाचणारास धन मिळेल, संतती होईल, रोग जातील, शत्रू नाहीसे होतील. अमुक पोथीत काय आहे हे त्यातून कळत नाही. ती वाचल्याने काय मिळेल तेवढे कळते. श्रद्धावंतास ते पुरते, कारण पोथी त्याच्या हाती आधीच आलेली असते. परंतु आपल्याकडे दुसराही एक प्रघात आहे. ज्या श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म कारंज्याचा, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातलाच, त्यांचे श्रीगुरुचरित्र आपल्या कित्येक घरांतून वाचले जाते. त्याच्या शेवटी अवतरणिकेचा अध्याय येतो. कोणत्या अध्यायात कोणती कथा आली, हे त्यात क्रमाने सांगितलेले आहे. स्तुती थोडी, आशय पुष्कळ. ज्याने पोथी कधी उघडली नाही त्यालाही तो एक अध्याय ऐकून आत काय आहे ह्याची कल्पना येते. विक्रीच्या पानावर हवी असते ती ही अवतरणिका. आपण तेथे लिहितो फलश्रुती.

म्हणून आम्ही त्या भगिनींस उलट टपाली विचारले की, बाई, पुस्तकात आहे तरी काय? त्यांचे उत्तर चार पाने भरून आले आणि ते वाचताना आम्हीच ते पुस्तक मागविले. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ह्या गावात एकशे आठ तीर्थे असल्याचे वत्सगुल्ममाहात्म्यात सांगितले आहे. मामंजींनी काय केले, तर माहात्म्याची प्रत पिशवीत घालून गावातील आळ्या पायी पालथ्या घातल्या. साडेआठ वर्षे हा क्रम चालला. कोणते तीर्थ आज कोठे आहे, त्यात पाणी असते की नाही, कोणते कोणाच्या परसात गेले, कोणते बुजले आणि त्यावर काय उभे राहिले, हे त्यांनी लिहून काढले. जेथे खुणा उरल्या नव्हत्या तेथे शेजारच्या वृद्ध बायकांस विचारले, कारण पाणी कोठून आणीत होतो हे बायकांनाच आठवते. (हे वाक्य मामंजींचेच आहे.) नातवाने गावाचा नकाशा काढून त्यात तीर्थांच्या जागा दाखविल्या. आणि जी तीर्थे सापडली नाहीत, त्यांची यादी शेवटी स्वतंत्र दिली.

एवढा ऐवज घरात असताना दारावर पाटी लावली ती 'अमूल्य ग्रंथराज' अशी! त्यांच्याच पत्रातील वाक्ये थोडी मागेपुढे करून आम्ही पुढील वर्णन बसविले:

"वाशीम ह्या गावात एकशे आठ तीर्थे आहेत, असे वत्सगुल्ममाहात्म्य सांगते. त्यांतली आज किती उरली आहेत? वाशीममध्येच जन्म गेलेल्या एका शिक्षकाने माहात्म्याची प्रत हाती घेऊन साडेआठ वर्षे गावात पायी फिरून हा शोध केला. सापडलेल्या प्रत्येक तीर्थाची जागा, त्याची आजची स्थिती आणि त्याविषयी जुन्या रहिवाशांनी सांगितलेल्या आठवणी ह्या पुस्तकात आहेत. गावाचा नकाशा व छायाचित्रे जोडली आहेत. जी तीर्थे सापडली नाहीत त्यांची यादी शेवटी दिली असून वाचकांना त्यांचा शोध घेता येईल. वाशीमचे मूळ रहिवासी, विदर्भाच्या इतिहासाचे अभ्यासक आणि गावोगावच्या जुन्या विहिरी-तळ्यांचा शोध घेणारे कार्यकर्ते ह्यांना उपयोगी."

ह्यात एकही विशेषण अलंकारासाठी घातलेले नाही. पहिली दोन वाक्ये मिळून वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा करतात, आणि पुढील सर्व वाक्ये तो प्रश्न पुस्तकात कसा सोडविला आहे हे सांगतात. शेवटच्या वाक्यात हे पुस्तक कोणासाठी आहे ते आले. तेही 'लहानथोर सर्वांनी' असे नव्हे, तर तीन निश्चित प्रकारची माणसे डोळ्यांपुढे ठेवून. सर्वांसाठी म्हणून मांडलेली वस्तू कोणीच आपली समजत नाही, हा बाजाराचा अनुभव पुस्तकांनाही सोडत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू ह्यांचा विवाह लावला, तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. आणि कर्पूरमंजरीत त्याने वैदर्भी रीतीस 'वच्छोमी' हे ह्याच नगरावरून आलेले नाव दिले. लांबलचक समास टाळणारी, ऐकताक्षणी अर्थ देणारी अशी ती रीती. तिच्या गावच्या पुस्तकाची ओळख अशी समासांनी फुगलेली असावी, हे पाहून राजशेखरही हसला असता.

नवे वर्णन घरात वाचून दाखविल्यावर मामंजींनी दोन हरकती घेतल्या. दोन्ही विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली हरकत: "न सापडलेल्या तीर्थांचा उल्लेख कशाला? आपले न्यून आपणच चव्हाट्यावर का मांडावे?" ह्यावर आमचे मत अगदी निराळे आहे. संपूर्ण वर्णनात वाचकाचा विश्वास बसतो तो नेमका ह्याच वाक्यावर. जो लेखक मला काय सापडले नाही हे सांगतो, त्याला जे सापडले ते खरोखर सापडले असणार, असे वाचक मनाशी ताडतो. शिवाय ह्या वाक्यामुळे वाशीमबाहेर स्थायिक झालेल्या एखाद्या जुन्या रहिवाशास 'आमच्या वाड्यामागे एक कुंड होते' हे आठवून पुस्तक उघडून पाहावेसे वाटेल.

दुसरी हरकत जुनी आणि अधिक खोल आहे. आपल्या ग्रंथाची जाहिरात आपणच करणे ही आत्मस्तुती होय, विद्येचा विक्रय होय; चांगल्या ग्रंथाकडे वाचक आपण होऊन येतात. आमच्या पिढीतील पुष्कळांच्या मनात ही भावना आहे आणि तिच्यातील संकोच आम्हांस आदरणीय वाटतो. परंतु गंमत अशी की, 'अमूल्य ग्रंथराज' ह्या शब्दांत आत्मस्तुती आहे आणि 'साडेआठ वर्षे पायी फिरून शोध केला' ह्या शब्दांत ती नाही. ते घडलेले वृत्त आहे. संकोची माणसाने तर अवतरणिकाच लिहावी. तीत स्वतःविषयी बोलावेच लागत नाही, पुस्तकाविषयी बोलले की झाले.

आणि विद्येच्या विक्रयाविषयी म्हणाल, तर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या ह्या विद्वानाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी नागपुरास मंडळ स्थापले, त्याचे भाग विकले, आणि जो कोश अजून लिहूनही झाला नव्हता त्याचे वर्गणीदार गावोगाव मिळविले. न झालेल्या ग्रंथाचे गिऱ्हाईक मिळविणे म्हणजे निव्वळ वर्णनावर भिस्त ठेवणे होय. पुढे ह्या सर्व खटाटोपाचा इतिहासही त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' ह्या नावाने लिहिला. त्यात व्यवहाराची बाजू लपविण्याची गरज त्यांना वाटली नाही. ते कोशाचे खंड विकले गेले म्हणूनच आपल्या आजोबांच्या कपाटात आले.

'चांगल्या ग्रंथाकडे वाचक आपण होऊन येतात' ह्या म्हणण्याचा पडताळा पाहण्यास वाशीम जिल्ह्याच्या बाहेर जावयास नको. कारंजा लाड येथील जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. त्यांत अपभ्रंश भाषेतील असे काव्यग्रंथ होते की, ज्यांवाचून मराठी-हिंदीच्या पूर्वेतिहासातील एक दुवा अपुरा राहावा. ग्रंथ उत्कृष्ट होते, पण त्यांच्याकडे वाचक आपण होऊन आले नाहीत. ते आत आहेत हेच बाहेर ठाऊक नव्हते. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची रायबहादुर हिरालाल ह्यांनी सिद्ध केली, ती १९२६ साली नागपुरास प्रसिद्ध झाली, आणि तीत कारंज्याच्या ग्रंथांचा परिचय आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ते ग्रंथ एकामागून एक छापून निघू लागले. दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीचे 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य ह्यांनी १९३१ साली संपादिले. त्याच कवीचे 'णायकुमारचरिउ' १९३३ साली आणि मुनि कनकामराचे 'करकंडचरिउ' १९३४ साली प्रा. हिरालाल जैन ह्यांनी प्रकाशात आणले. सूचीतील नोंद म्हणजे काय असते? ग्रंथाचे नाव, कर्ता, भाषा, पाने, विषय. तीत 'अपूर्व मेजवानी' नसते. तरीही शतकानुशतके कुलुपात राहिलेल्या ग्रंथांना वाचक मिळण्याच्या कामी तिचा हातभार लागला.

(ह्यातले रायबहादुर हिरालाल वेगळे आणि प्रा. हिरालाल जैन वेगळे. नामसाम्यामुळे जाणत्यांचाही घोटाळा होतो. ऑनलाइन विक्रीच्या पानावर तर 'वि. ग. जोशी' असे लिहिणारा लेखक आपण होऊन गर्दीत हरवतो. लेखकाने आपले नाव पूर्ण द्यावे, व प्रत्येक पुस्तकावर तेच व तसेच द्यावे.)

ही झाली स्थानिक इतिहासाची गोष्ट. आत्मवृत्तास हाच न्याय लागू आहे, फक्त तेथे मोह अधिक. आत्मवृत्ताचे वर्णन बहुधा 'एका सामान्य माणसाची असामान्य जीवनगाथा' असे असते आणि अशा गाथा बाजारात इतक्या आहेत की, आता सामान्यच असामान्य वाटू लागली आहे. त्याऐवजी लेखकाने तीस वर्षे कोणते काम केले, कोठे केले, आणि त्या कामातली बाहेरच्यांना न दिसणारी कोणती बाजू पुस्तकात आहे, हे सांगावे. वऱ्हाडातील एखाद्या जिनिंग कारखान्यात हिशेबनीस म्हणून आयुष्य घालविलेल्या गृहस्थाने कापसाचा भाव सकाळी कसा ठरे एवढे जरी वर्णनात लिहिले, तरी ते पुस्तक घेणारे निघतील. कुलवृत्तांताच्या बाबतीत घराण्याची मूळ गावे, शाखा जेथे जेथे गेल्या ती गावे आणि किती पिढ्यांची वंशावळ आहे, हे अवश्य लिहावे, कारण शोधणारा आपल्या गावाच्या नावानेच शोधतो. पाककृतींच्या पुस्तकात पदार्थांची संख्या द्यावी, आणि इतर पुस्तकांत न मिळणारे चार पदार्थ नावानिशी सांगावे. कवितासंग्रहाबद्दल आम्ही अधिक काही सांगत नाही. त्यातील एक लहानशी कविता संपूर्ण द्यावी आणि गप्प बसावे.

आता थोडे तांत्रिक, कारण पत्रांतून पुष्कळांनी विचारले आहे.

वर्णन कितीही लांब लिहिले तरी मोबाइलच्या पडद्यावर प्रथम त्याच्या चारदोन ओळीच दिसतात. उरलेले पाहण्यास 'अधिक वाचा' असे दाबावे लागते, आणि दाबण्याची तसदी सगळेच घेत नाहीत. किंडलवर सुमारे चार हजार अक्षरचिन्हांपर्यंत वर्णन चालते खरे, पण सारा भार पहिल्या दोन वाक्यांवरच आहे. तेथे लेखकाला मिळालेले पुरस्कार, प्रकाशन समारंभास कोण अध्यक्ष होते, पुस्तक कोणाच्या चरणी अर्पण केले, असला मजकूर देऊ नये. दूरध्वनी क्रमांक, पत्ता, किंमत किंवा 'अभिप्राय अवश्य लिहा' अशी विनंती वर्णनात घालणे तर अ‍ॅमेझॉनच्या नियमांतच बसत नाही. मान्यवरांचे प्रशस्तिपर अभिप्रायही त्या रकान्यात चालत नाहीत. पाचपाच मान्यवरांची पत्रे मिळविण्यात एक वर्ष घालविणाऱ्या लेखकांस हे ऐकून दुःख होईल, पण वाचकाची मात्र सोय होते.

शब्दशोधाची बाब आपल्याकडे विशेष गुंतागुंतीची आहे. कोणी 'वाशीम' असे शोधतो, कोणी 'वाशिम' असे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'बासीम' आढळते. आणि परदेशी वाढलेली नातवंडे तर रोमन अक्षरांतच टंकन करतात. वर्णनात ही सगळी रूपे एकापुढे एक मांडणे ओंगळ दिसते. त्यासाठी किंडलवर शोधशब्दांचे सात वेगळे रकाने दिलेले असतात; रूपभेद तेथे घालावेत. वर्णनात मात्र पुस्तकात वापरलेले एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे.

त्याहून मोठा घोटाळा टंकांचा. आपल्याकडील पुष्कळ पुस्तके छापखान्यात जुन्या पद्धतीच्या टंकांत जुळविली जातात. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे नावे सर्वांस ठाऊक आहेत. त्या धारिकेतील मलपृष्ठाचा मजकूर उचलून विक्रीच्या पानावर चिकटविला की, तेथे अक्षरांऐवजी चिन्हांचा अर्थहीन गलबला उमटतो. लेखकास ते आपल्या संगणकावर कदाचित दिसतही नाही. म्हणून वर्णन युनिकोडमध्ये नव्याने टंकून घ्यावे, आणि पान प्रसिद्ध झाल्यावर ते दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर स्वतः उघडून पाहावे. चाळीस ओळी टंकण्यास घरातील नववी-दहावीतील मुलास अर्धा तास पुरतो.

ई-पुस्तकाच्या बाबतीत वर्णनाला जोडूनच नमुन्याची पाने येतात. किंडलवर पुस्तकाचा आरंभीचा सुमारे दहावा हिस्सा वाचकास विनामूल्य पाहता येतो. आपल्या हौशी पुस्तकांचा हा दहावा हिस्सा कशाने भरलेला असतो, हे वाचकांनी घरचीच एखादी प्रत काढून पाहावे: अर्पणपत्रिका, दोन प्रस्तावना, तीन शुभसंदेश, मनोगत आणि ऋणनिर्देश. वर्णन वाचून उत्सुक झालेला माणूस नमुना उघडतो, आणि पहिल्या तीर्थापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नमुना संपतो. मनोगत चार परिच्छेदांचे करून बाकी सर्व पुस्तकाच्या शेवटी हलवावे. शुभसंदेश देणारे रागावले, तर ही पाने शेवटी असल्याने अधिक लक्षात राहतात, असे त्यांना सांगावे.

वर्णन कोणी लिहावे, हाही प्रश्न आहे. आमच्या मते लेखकाने स्वतः शक्यतो लिहू नये. त्याला सगळेच महत्त्वाचे वाटते. घरात ज्याने पुस्तक मनापासून वाचले आहे, मग ती सून असो, पुतण्या असो, वा शेजारच्या बाई असोत, त्याने आधी तोंडी सांगावे आणि दुसऱ्याने ते उतरून घ्यावे. वाशीमच्या भगिनींचे वर्णन जमले ते त्यांनी वर्णन म्हणून लिहिले नव्हते म्हणून. त्या आम्हांस पत्र लिहीत होत्या. मग तो मजकूर पुस्तक न वाचलेल्या एखाद्यास ऐकवावा, आणि ऐकून झाल्यावर विचारावे, "सांग, ह्यात काय आहे?" तो 'चांगले आहे' म्हणाला, तर पुन्हा लिहावे. 'कुठलीशी तीर्थे शोधली आहेत, काही सापडली नाहीत' असे म्हणाला, तर काम झाले. लेखकाने शेवटी फक्त तपशील तपासावा. मामंजींनी तसा तो तपासला. सुनेने नऊ वर्षे लिहिले होते; त्यांनी साडेआठ करावयास लावले.

एका गोष्टीविषयी एकत्र कुटुंबांना विशेष सावध करावेसे वाटते. पुस्तक विक्रीस लागले की चुलतभाऊ, मावसबहिणी, व्याही आणि त्यांचे शेजारी मिळून एका संध्याकाळी वीस अभिप्राय लिहितात, प्रत्येकी पाच तारे. हेतू मायेचा असतो. पण निकटच्या आप्तस्नेह्यांनी अभिप्राय लिहिणे अ‍ॅमेझॉनला मान्य नाही. असे अभिप्राय काढून टाकले जातात, आणि तिऱ्हाईत वाचकासही आडनावे पाहून काय ते कळते. नातलगांनी पुस्तक विकत घ्यावे, वाचावे, आणि अभिप्राय लेखकास घरी येऊन चहाबरोबर द्यावा.

किंमत किती ठेवावी आणि छापील व ई-पुस्तक ह्यांत कोणते आधी काढावे, ह्याविषयीची पत्रे आमच्याकडे साठली आहेत. त्यांचा परामर्श पुढील अंकी घेऊ. तोवर ज्यांना आपले वर्णन तपासून हवे असेल त्यांनी ते युनिकोडमध्ये पाठवावे, आणि सोबत पुस्तकात काय आहे हे सांगणारे एक साधे घरगुती पत्र लिहावे. शक्य तर सूनबाईंकडून.